लेकीच्या घरचं पाणी

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही रीत जळगाव जामोदच्या सोजराबाईनं सहा वर्षं पाळली. लेक कोकिळा इंदूरला दिलेली. सोजराबाई दोनदा भेटायला गेली आणि दोन्ही वेळा आपल्याच लोट्यातलं पाणी पिऊन, दिवस मावळायच्या आत परत निघाली.

या खेपेला जावई उत्तमरावांनी शक्कल लढवली. राजवाड्याजवळच्या मोठ्या हॉटेलात त्यांनी सासूसासऱ्यांसाठी खोली घेतली. "हे काही माझं घर नाही. इथं पोटभर जेवा," असं सांगून ते रात्री गेले.

खोलीत विजेचा पंखा, हातभर जाड गादी; खिडकीतून राजवाड्याचे मजले दिसत होते. गादीवर पाय पसरून सोजराबाईचे यजमान तुळशीराम म्हणाले, "अवं, जावयानं तं आपल्याले राजा करून टाकलं!"

"राजेसाहेब, बांधून आनलेली भाकर खा अन् निजा," सोजराबाई म्हणाली.

सकाळी फेटेवाला वेटर चहा, बिस्किटं, फळं घेऊन आला. तुळशीरामांनी हात पुढं केला.

"थांबा जरा," सोजराबाईनं त्यांना अडवलं. "दादा, याचे पैसे कोन देनार?"

"साहब दे चुके हैं, माताजी."

सोजराबाईनं तबक बाजूला सारलं.

"अवं, चहा तरी पिऊ दे!"

"जावयाचा चहा इथं काय अन् तिथं काय, एकच."

तेवढ्यात कोकिळा आणि उत्तमराव आले. भरलेलं तबक तसंच पाहून कोकिळा दारातच थांबली. रडली नाही. सरळ आईकडं पाहून म्हणाली, "माय, डाक्टरीनबाईनं सांगतलं, मले लेकरू होनार नाही. मंग तू माह्या घरी कधीच जेवनार नाहीस काय?"



आपल्यापायी लेकीच्या घरातलं काही कमी होऊ नये, म्हणून ही रीत, असं सोजराबाईला आजवर वाटायचं. पाळणा हलला नाही तर लेकीचं घर हे घरच नाही, असाही त्या रीतीचा अर्थ निघतो, हे तिला आत्ता दिसलं. ती उठली आणि गाठोडं बांधू लागली.

"जावईबापू, ही खोली वापस करा."

"का, काही कमी पडलं?"

"काही नाही. लेकीचं घर असून आमी परक्याच्या गादीवर काऊन निजाव?"

"पन गावात लोक काय म्हनतीन?" तुळशीरामांनी विचारलं.

"लोकायले मीच सांगीन. सहा वर्सं रीत मीच पाळली, आता मीच मोडतो. चाला, उठा!"

जाताना तुळशीरामांनी गादीकडं दोनदा वळून पाहिलं.

कोकिळेच्या घरी सोजराबाई थेट चुलीपाशी जाऊन बसली. लेकीनं पुढं केलेला तांब्या तिनं तोंडाला लावून अर्धा केला.

"वाढ पोरी. अन् ठेचा झनझनीत कर, पाहुन्यासारखा नको."

कोकिळेनं तवा ठेवला. पहिल्या दोन भाकरी सोजराबाईनं खाल्ल्या आणि तिसरीसाठी ताट पुढं केलं.