केसाएवढी भेग

सायकल मिस्त्रीने हँडल सोडवलं आणि पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढून काढला. ब्रेक दाबला की त्यातून टकटक व्हायची, म्हणून ती चिमटा बदलायला आली होती. "कानांचे भास तुझे," असं ती निघताना दादा म्हणाला होता. सायकल मुळात त्याचीच. स्वतःला नवी घेतल्यावर ही त्याने मोठ्या प्रेमाने तिला, बहिणीला, दिली. दादाने दिलेली वस्तू पारखून घ्यायची तिला सवय नव्हती.

मिस्त्रीने फडक्यावर थिनर घेऊन चिमटा पुसला. फडक्याला डाळिंबी रंग लागला.

"हा कंपनीचा रंग नाही, ताई. ही बघा, केसाएवढी भेग. कुणीतरी बुजवलीय."

रंग तिच्या नेलपॉलिशचा होता. सायकल देण्याच्या आदल्या दिवशी दादाने बाटली मागून नेली होती. "बारीक ओरखडा आहे, झाकतो," म्हणाला होता. आणि ही शहाणी त्याला ब्रश कसा धरायचा ते शिकवत बसली होती.

"कार्बनचा हा, तुटला की एकदम तुटतो. उतारावर तुटला असता तर तुम्ही दात वेचत बसला असतात."

वर्षभर ती रोज असाच एक उतार उतरून कामाला जात होती. ती स्टुलावर बसली. 'केसाने गळा कापणे'चा वाक्यात उपयोग शाळेत तिला कधी जमला नव्हता.

"त्याला ओरखडाच वाटला असेल," ती म्हणाली. मिस्त्रीने दोन नवे चिमटे समोर ठेवले.

"हा कार्बनचा, हलका. हा स्टीलचा, जड. पण स्टील तुटण्याआधी वाकतं. सांगून जातं बिचारं."

"सांगणारा द्या."

तेवढ्यात दादाचा फोन आला.

"स्टीलचा घेऊ नकोस हं, जड होईल. आणि चिमट्याची वरची नळी फार कापू नकोस, हँडल माझ्या उंचीलाच ठेव. पुढेमागे मला लागली तर?"

"दादा, माझी नेलपॉलिशची बाटली तुझ्याकडेच राहिली."



"अगं, एवढीशी तर भेग होती."

ती भेगेबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिने फोन बंद केला.

मिस्त्री हातात करवत घेऊन थांबला होता. "नळी कुठे कापू, ताई? एकदा कापली की परत वाढत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या उंचीला कापा."