रक्त जपणाऱ्या आजोबांची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीमच्या आशेने माझे दार उघडाल, तर हात हलवत परत जाल. माझ्या पोटात मुलांचे रक्त असे, करंगळीएवढ्या नळ्यांत, बर्फाहूनही कितीतरी गार.

मी नवा होतो तेव्हा प्रयोगशाळेत माझा काय थाट होता! माझ्या मागची जाळी नेमाने काढून तिच्यावरची धूळ झटकली जाई. त्या जाळीतूनच मी श्वास घेतो. ती तुंबली की माझा जीव गुदमरतो, अंग तापते आणि मी 'टीं टीं' करून हाका मारतो. दुसरी भाषा मला येत नाही.

मला आणले मुलांच्या डॉक्टरबाईंनी. कावासाकी नावाच्या आजारात लहान मुलांचा ताप हटता हटत नाही. डोळे आणि जीभ लालबुंद होतात, आणि आत हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजतात. शिरेतून एक औषध देतात. बहुतेक मुले त्याने बरी होतात; काहींना मात्र ते लागूच पडत नाही, आणि ते कळेपर्यंत हृदयाला इजा झालेली असते. डॉक्टरबाईंना वाटे, औषधाआधीच्या रक्तातच याची काहीतरी खूण असणार. ती सापडली, तर अशा मुलांना सुरुवातीलाच जोडीला दुसरे औषध देता येईल. म्हणून त्या थोडे थोडे रक्त माझ्याकडे सांभाळायला देत. पुरेशा नळ्या जमल्या की सगळ्या एकदम तपासायच्या होत्या.

पहिली नळी चिमणीची. घरी तिला याच नावाने हाक मारत. तिला औषध लागू पडले नाही. चिमणी गेली.

"माझ्या लेकीला नाही उपयोग झाला, दुसऱ्या कुणाच्या लेकराला होऊ दे," असे म्हणून तिच्या आईने नळी माझ्याकडेच राहू दिली. दरवर्षी चिमणीच्या वाढदिवशी ती येई आणि दार उघडायला लावून आतल्या कप्प्याला हळूच बोट लावी. "किती गार आहे हो," ती डॉक्टरबाईंना म्हणे. "शेवटी नुसती फणफणत होती पोर. आता निदान गार तरी आहे." मला फार भरून येई.

वर्षे गेली. जाळी साफ करणे हे सगळ्यांचे काम झाले, म्हणजे कोणाचेच राहिले नाही. मी वरचेवर हाका मारू लागलो. "आजोबा कुरकुरायला लागले!" म्हणून सगळे हसत आणि बटण दाबून मला गप्प करत. एकदा डॉक्टरबाई फोनवर एका घाबरलेल्या बापाशी बोलत होत्या. माझ्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना.

"अहो, या आजोबांचं तोंड बंद करा कुणीतरी!"

तंत्रज्ञकाकांनी आवाजाची तारच काढून टाकली. "झोपा आता निवांत," ते मला म्हणाले, तेही लाडानेच. तार पुन्हा जोडायची राहून गेली.

मग सुट्ट्या लागल्या आणि जाळी पुरती तुंबली. मी जिवाच्या आकांताने हाक मारली; आवाज निघालाच नाही. वरचे कप्पे आधी पाघळले. चिमणीची नळी सगळ्यात आत होती. तिला मी होता होईल तो धरून ठेवले.

सुट्टीनंतर काकांनी दार उघडले, तर एकाही नळीत बर्फ उरला नव्हता. त्या रक्तातल्या खुणांवर आता विश्वास ठेवता येणार नव्हता. डॉक्टरबाई कोणालाच रागावल्या नाहीत. "तोंड बंद करा असं मीच म्हणाले होते," एवढेच बोलल्या. त्याच दिवशी वॉर्डात तापाने लाल झालेले एक मूल आले. औषध लागू पडेल ना, असे त्याच्या वडिलांनी विचारले. "वाट पाहू," डॉक्टरबाई म्हणाल्या. दुसरे काही त्यांच्या हातात नव्हते.

चिमणीच्या वाढदिवशी आई आली. तिने कप्प्याला बोट लावले आणि दचकून मागे घेतले. डॉक्टरबाईंनी तिला सगळे सांगितले.

"म्हणजे माझी पोर पुन्हा तापली म्हणा की," ती म्हणाली.

मग तिने रुमाल ओला केला, वाकून माझी जाळी काढली आणि पुसत बसली. आजारी मुलाचे कपाळ पुसावे, तशी.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा फ्रीझर आहे आणि त्यात पुन्हा पहिल्यापासून नळ्या जमत आहेत. तोही कधीतरी जुना होईल, कुरकुरेल. त्याला हसा, आजोबा म्हणा, पण आधी त्याची जाळी तेवढी पाहा. मी माझ्यासाठी कधीच हाका मारत नव्हतो.