तुळशीला सांगितलेलं इझमीर

चारुता आणि निहार इझमीरला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तुळशीला पाणी घालायला गेलो, तर कुंडीतली माती ओली होती.

म्हातारपणी माणूस अशा वेळी आधी स्वतःवर संशय घेतो. आपणच सकाळी येऊन गेलो आणि विसरलो, असं मी धरून चाललो. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे लक्ष गेलं. टेबलावर माझं पुडकं होतं. जे इझमीरला जायला हवं होतं, ते इथे अमेरिकेत, रेडमंडमध्येच, फळांच्या टोपलीशेजारी.

या पुडक्याबद्दल सांगायला हवं. मी बोटीवर इंजिनिअर होतो. अडुसष्ट साली आमची बोट अंजीर आणि तंबाखू भरायला तुर्कस्तानातल्या इझमीरला लागली आणि काहीतरी कागदोपत्री घोळामुळे अकरा दिवस अडकली. त्या अकरा दिवसांत मी ते शहर पायाखाली घातलं. काराताश नावाच्या वस्तीत, डोंगराला टेकवून बांधलेल्या एका उंच लिफ्टच्या पायथ्याशी चहाचं दुकान होतं. मालक पेला हातात देऊन म्हणायचा, जा, पायऱ्यांवर बसून समुद्र बघत पी. बाराव्या दिवशी मी तसाच बसलो होतो आणि बोटीचा भोंगा झाला. धावत सुटलो. बोट बंदराबाहेर पडल्यावर खिशात हात घातला, तर कमरेत बारीक असा तो काचेचा पेला.

एकोणचाळीस वर्षं तो माझ्याकडे आहे. बायको होती तोवर म्हणायची, "चोरीच्या पेल्याला किती जपता!" दिवाळीच्या फराळाला चारुताने आपण इझमीरला जातोय म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिथल्या तिथे घरी जाऊन पेला घेऊन आलो. आमच्या आईची शिस्त होती, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून त्यात साखर भरली, वर कागद बांधला आणि तिच्या हातात दिला. तिनेही त्या बदल्यात सगळ्यांसमोर मला घराची किल्ली दिली आणि टपालपेटीची दिली.

"काका, रोज दहा वाजता तुळस. आणि टपाल तुमच्याकडेच ठेवा हं. पेटीची दुसरी किल्ली निहारने हरवलीये."

आणि आता पेला इथे, ती तिथे. मी चिडून चहा टाकावा म्हणून किटलीला हात लावला. किटली गरम होती.

बोटीवरचा माणूस भूत मानत नाही, गळती मानतो. मी घरभर हिंडलो. न्हाणीघराचा पडदा ओला. सिंकमध्ये दोन कप. दारामागे दोन बॅगा, भरलेल्या, विमानतळावर जायच्या पवित्र्यात. आणि भिंतीवर चारुताने स्वतः हाताने काढलेला इझमीरचा नकाशा, लाल पेन्सिलीने वाटा आखलेला. चारुता आर्किटेक्ट आहे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे पाच वर्षं तिला नोकरी करता आली नव्हती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची मखरं तेवढी तिने काढली. त्या नकाशात मात्र तिने गल्ल्यांच्या नाल्यासुद्धा दाखवल्या होत्या.

मी निमूटपणे कुलूप लावून निघालो. वाचनालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी दिसली. काचांवर वाफ धरलेली. आत दोघं बसून डब्यातून चिवडा खात होती, मांडीवर प्रवासाचं पुस्तक. मी छत्री खाली केली आणि चष्मा ओला झाल्यासारखं करून पुढे गेलो.

घरी मुलगी उत्तरा म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीतरी बघितलंय. तुम्ही बसत का नाही आहात?"

"गुडघे मोकळे करतोय."

"सकाळपासून?"

ती दोघं का लपली होती, ते मला कळत होतं. याआधी दोन वेळा या जोडीचा परदेश प्रवास बारगळला होता. एकदा निहारच्या प्रोजेक्टमुळे, एकदा व्हिसामुळे. मंडळात त्यांचं नाव 'कॅन्सल कंपनी' पडलं होतं. फराळाच्या दिवशीही कुणीतरी करंजी खाता खाता विचारलंच होतं, "या वेळी विमानात बसणार ना वहिनी, की आम्ही एअरपोर्टवरून परत न्यायला येऊ?" चारुता हसली होती. ते हसू मी बघितलं होतं. तिसऱ्यांदा कॅन्सल म्हणून सांगण्यापेक्षा पंधरा दिवस स्वतःच्याच घरात लपून राहणं तिला सोपं वाटलं असणार. पण का बारगळलं हे काही समजेना. आणि माझा पेला टेबलावर बसून होता.

आठवडाभर असंच चाललं. मी दहाला यायचो, ती दोघं पावणेदहाला बाहेर पडायची. मी ओल्या मातीत आणखी पाणी घालायचं नाटक करून ते सिंकमध्ये ओतायचो. दुसरीकडे रोज टपाल काढून बुटांच्या खोक्यात ठेवत होतो. दुकानांच्या जाहिराती, विजेचं बिल, गुरुवारी सरकारी दिसणारी दोन पाकिटं. रोज पुडक्याकडे बघायचो. पुडकं हललेलं नसायचं. घरी येऊन पुन्हा गुडघे मोकळे करायचो.

शनिवारी मला धीर धरवेना. साडेनऊलाच गेलो. किल्ली फिरवली आणि आत चार पायांची धावपळ ऐकू आली. बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाचं दार सरकलं. ही इकडची कपाटं म्हणजे खोल्याच असतात, कमी भाड्यात माणसं ठेवता येतील. मी मोठ्याने खोकलो आणि स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर दोन ताटल्यांत उपमा वाफाळत होता. फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक कागद होता, निहारच्या अक्षरात:

शनि. वेबसाइटवर काही नाही.
सोम. काही नाही.
मंगळ. वेबसाइट म्हणते अप्रूव्ह्ड, टपालात टाकला!

आणि त्याखाली चारुताच्या अक्षरात: म्हणजे आता येईल तो काकांकडे!!!

मी खुर्चीवर बसलो. उपम्यासमोर.

ऑगस्टमध्ये इथल्या निम्म्या मराठी घरांनी ग्रीन कार्डाचे अर्ज एकदम भरले होते, निहारनेही. तो अर्ज पडून असताना देशाबाहेर जायचं तर परत येण्याच्या परवानगीचा एक कागद लागतो. तो हातात नसताना गेलात तर अर्जच बाद. उत्तराच्या नवऱ्याने हे मला तीन जेवणांत समजावलं होतं. तर त्यांचा तो कागद वेळेवर आला नाही. आज येईल, उद्या येईल, आला की गुपचूप निघू, म्हणून बॅगा भरून बसलेली ही माणसं. आणि टपालपेटीची एकुलती एक किल्ली त्यांनी, सगळ्यांसमोर, मला दिलेली. मागायची कशी? इझमीरहून?

आणि मी तो कागद दोन दिवस बुटांच्या खोक्यात विजेच्या बिलाखाली ठेवला होता.

कपाटाचं दार वाजवून, "या बाहेर, उपमा गार होतोय," असं म्हणणं सोपं होतं. मग ती दोघं बाहेर आली असती. चारुताने माझ्याकडे बघितलं असतं, आणि ते बघणं मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मधे आलं असतं. निहारने 'सॉरी काका' म्हटलं असतं, आणि लाजेच्या मारे ती दोघं इझमीर सोडा, सिअ‍ॅटललाही गेली नसती. पण नाही सांगितलं, तर पंचवीस तारखेला सुट्टी संपणार आणि पेला माझ्याच कपाटात मरणार.

मी उठलो आणि खिडकीतल्या तुळशीपुढे उभा राहिलो.

"काय गं," मी तुळशीला म्हणालो, बोटीवर इंजिनच्या आवाजात बोलायचो त्या पट्टीत. "आता इझमीरला संध्याकाळचे साडेसात. आपली मंडळी कोनाकच्या चौकात असतील. तिथे घड्याळाचा मनोरा आहे, नाजूक. त्याच्याशी ओळख करून घ्यायची, कारण बाजारात हरवल्यावर सगळे रस्ता विचारतात तो त्याचाच."

मी कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं.

"बाजारातली मुख्य गल्ली सरळ का नाही, सांगू? पूर्वी तिथे बंदर होतं. ते बुजलं आणि त्याच्या काठाकाठाने दुकानं बसली. समुद्र गेला, वळण राहिलं. तिथेच एक जुनी सराय आहे. उंट बांधायचे तिथे. मी गेलो तेव्हा पडझड होती, पण छताखाली उभं राहिलं की वास यायचा, कॉफीचा आणि लोकरीचा. मागे चढ चढलीस की रोमन लोकांचा चौक. जमिनीखालच्या कमानींतून पाणी वाहताना ऐकू येतं. आणखी वर किल्ला. किल्ल्यावरून बंदरातली आपली बोट काडेपेटीएवढी दिसते आणि मुख्य इंजिनिअर त्याहून लहान. बरं वाटतं."

आतून एक शिंक आली. अर्धवट, दाबलेली.

"शंभर वर्षं आयुष्य," मी तुळशीला म्हणालो. "आता काराताश. चारुताच्या नकाशात एक चूक आहे. हुशार मुलगी, पण पुस्तकावरून काढलंय. लिफ्टकडे तोंड करून उभं राहिलं तर पायऱ्या तिने उजवीकडे दाखवल्यात. त्या डावीकडे आहेत. उजवीकडे गेली तर ती बिचारी कुणाच्या तरी परसात जाईल आणि कोंबड्या मागे लागतील."

कपाटात हँगर खळखळले. दोन माणसांनी एकमेकांना धरल्यासारखे.

"आणि हे बघ," मी म्हणालो. "दोन सरकारी पाकिटं आलीत. आता घरी जातो नि घेऊन येतो. दहा वाजता इथे ठेवतो, पुडक्यावर. माझ्याकडे ठेवून मला झोप लागायची नाही. ती परत आली की त्यांना सांग."

मी दहाला पाकिटं ठेवून गेलो. उपमा अर्धा संपला होता.

रविवारी सकाळी गेलो, तर पाकिटं नव्हती. पुडकं होतं. बॅगाही दारामागे तशाच. कुंडी ओली. माझं मन खट्टू झालं. कागद मिळाला आणि धीर सुटला असणार. उरलेत कितीसे दिवस, म्हणून दोघांनी सोडून दिलं असणार. दिवसभर पाऊस पडत होता आणि मी खिडकी ते दार, दार ते खिडकी. उत्तराने विचारणं सोडून दिलं होतं. नात म्हणाली, "आजोबा, यू आर मेकिंग मी डिझी."

सोमवारी दहाला दार उघडलं. बॅगा नाहीत. भिंतीवर नकाशा नाही, चार टाचण्या तेवढ्या. टेबलावर टोपली आणि तिच्याशेजारी साखरेचे दोनचार कण.

मी तुळशीच्या मातीत बोट खुपसलं. कोरडी ठणठणीत!

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा खरं पाणी घातलं. जरा जास्तच.

पंचवीसच्या संध्याकाळी दोघं किल्ल्या घ्यायला आमच्याकडे आली. डोळे तांबारलेले, पण चारुता उभ्याउभ्याच बोलायला लागली. समुद्राकाठच्या रस्त्याशेजारी आता भर टाकून हिरवळ केलीये, काका. तुमच्या वेळेसारख्या लाटा आता रस्त्यावर येत नाहीत. सराय दुरुस्त केलीये. कमानींखाली पाणी अजून वाहतं. उत्तरा म्हणाली, "पंधरा दिवसांत खूपच बघितलंत गं!" निहार बुटांकडे बघत म्हणाला, "हो, म्हणजे, शेवटी शेवटी जास्त."

"तुळस छान राहिली, काका," चारुता म्हणाली.

"पहिला आठवडा तर तिने मला काही कामच दिलं नाही."

निहारला ठसका लागला. उत्तराने त्याला पाणी दिलं.

मी विचारलं, "आणि चहाचं दुकान?"

"दुकान राहिलं नाही हो. तिथे मोबाइल विकतात. पण वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्या मालकाची सून. एका मुलीने बोलणं समजावून सांगितलं. आजींनी पेला उजेडात धरला, ओळखला. म्हणाल्या, आमचाच. सासरे शेवटपर्यंत सांगायचे म्हणे, एक हिंदी पोरगा चहा पिता पिता पळाला. पैसे देऊन पळाला, पेला घेऊन."

"नाव काढलं पोराने," उत्तरा म्हणाली.

मला बसावंसं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"मग त्यांनी साखर डब्यात ओतली," चारुता बॅगेत हात घालत म्हणाली, "पेला धुतला, पुसला आणि..."

तिने पेला माझ्यासमोर ठेवला. तोच. आत सुकी अंजिरं दाबून भरलेली, वर वर्तमानपत्राचा कागद बांधलेला.

"अगं, परत? मी परत करायला दिला होता!"

"मी सांगितलं ना तसं! त्या म्हणाल्या, एवढ्या लांबून साखर आलीये, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? अंजिरं कशात देऊ मग? खाऊन झालं की पाठवून द्या म्हणाल्या पेला."

मी पेल्याकडे बघत राहिलो. त्या बाईला आणि माझ्या आईला एका खोलीत बसवलं असतं, तर ते भांडं कायम वाटेतच राहिलं असतं.

दोघं निघाली. निहार गाडी गरम करायला पुढे गेला. चारुताने दारात चपला घातल्या, उंबऱ्यावर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पायऱ्या डावीकडेच आहेत, काका."

"असं?" मी म्हणालो.

"कोंबड्यासुद्धा आहेत."

दार लावून मी आत आलो. अंजिरं मोजून खातोय, दिवसाला एक. संपली की पेल्यात काय भरायचं, हे ठरत नाही. चिवडा सांडेल, लाडू मावणार नाही. उत्तरा म्हणते, "बाबा, एका जागी बसा." पण आता मला कळलंय, या वेळी कुणाच्या हाती पाठवायचा नाही. मी काल माझा पासपोर्ट शोधला. पुढच्या महिन्यात संपतोय.