उष्टी बंदूक

रानडुकरांनी लागोपाठ दोन वर्षं माझी ज्वारी खाल्ली, तेव्हा कुठे मला पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला. परवान्यावर एकच बंदूक. ती खराब निघाली की डुकरं पुन्हा जेवायला बसणार आणि माझी पोरं उपाशी. पांढरकवड्याच्या कचेरीत जुन्या ठासणीच्या बंदुकांचा लिलाव आहे हे कळताच मी उकंडाकाकाकडे गेलो. काका पलटणीत होता.

"पॉलिश पाहून भुलू नोको, नागोराव," तो म्हणाला. "दिसते तसं नसते, म्हणून त जग फसते. पह्यले नळीत गज सोड. ठण्ण वाजला पाह्यजे. भद्द वाजला त आत दारू भरली हाये नाहीतं कचरा. मंग घोडा ओढून पाह्य. अन् शेवटी नळीले तोंड लावून फूक, मांगच्या कानावर, बत्तीच्या भोकावर, बोट ठेव. बोटाले वारा लागला नाही त फुकटातही घेऊ नोको. तोंडावर फुटन एखाद्या दिवशी!"

शेजारच्या बंजारा तांड्यावरचा देवसिंग बरोबर होता. आमच्या शेतांचा बांध एक, आणि गाडी त्याची. त्यालाही बंदूक घ्यायची होती.

कचेरीसमोर सतरंजीवर नऊ बंदुका मांडल्या होत्या. गावोगावचे लोक त्या उचलून पाहत होते. एका पाटलाने तर मिशा सावरून तीन बंदुका फुंकल्या, त्यात सात नंबरचीही. कोणी काही बोललं नाही. मी चार नंबरची घेतली. गज ठण्ण वाजला, घोडा घट्ट होता. फुंकली, पण बोटाला वारा लागेना. मी ती खाली ठेवली.

"ए!" लिलाव करणारा नाझर ओरडला. "उष्टी केली ना बंदूक! आता कोण घेईल ती?"

"पाटलानंही फुंकल्या, साहेब."

"पाटलाची गोष्ट वेगळी. धर्म बदलला म्हणून तोंड बदललं का रे? चार नंबर तुझ्याच नावावर लिहितो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाच वर्षांपूर्वी पायी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती काय या माणसाकडून तोंडाची परीक्षा करून घ्यायला? आणि जी बंदूक फुटणार हे मला कळलं, तीच माझ्या गळ्यात!

"लिहा," मी म्हणालो. "पण कारणही लिहा. नागोरावनं तोंड लावलं म्हणून त्याले देली. अन् खाली सही करा."

नाझराने टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसला. अस्पृश्यताबंदीचा कायदा त्यालाही ठाऊक होता. त्याचा टाक अडलेला पाहून मला आणखीच चेव आला.

"तोंड लावलं ते माही, असंच ना? मंग पाहाच!" मी पाचवी उचलली, फुंकली. सहावी फुंकली. सातवीच्या कानातून असा वारा सुटला की बोट गार पडलं. तरी थांबलो नाही. आठवी, नववी, मग मागे येऊन पहिल्या तीन. नऊच्या नऊ उष्ट्या केल्या.

सातवीवर माझ्याविरुद्ध कोणी बोली लावली नाही. उष्टी ना! सरकारी किमतीतच पदरात पडली. पाटील आणि त्याच्याबरोबरचे चार जण हात हलवत परत गेले. मला मनापासून बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

"नऊ नंबर घे," मी देवसिंगला म्हणालो. "मस्त वारा सुटते."

त्याने नववी उचलली. इकडेतिकडे पाहिलं. धोतराचा सोगा घेतला आणि नळीचं तोंड पुसलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग फुंकली.

हा देवसिंग माझ्या घरी चहा पितो. माझ्या बायकोच्या, पंचफुलेच्या हातची भाकर मागून खातो. नाझरावरचा राग मी तोंडाने ओकून टाकला होता, हा राग मात्र गिळावा लागला, आणि तो गिळला जाईना.

गाडीने अर्धी वाट कापली.

"राग आला काय गा?" शेवटी तोच म्हणाला. "धूळ होती थ्या नळीले."

"धूळ माह्याही बंदुकीले होती, देवसिंगभाऊ. पाटलानं फुंकल्यावर उचलली मी ते. मी नाही पुसली."

त्याने बैलांकडे पाहिलं. मी चालत्या गाडीतून उडी मारली, बंदूक खांद्यावर टाकली आणि उरलेले तीन कोस पायी गेलो.