मनीचं बोलणं माझ्यापाशी होतं

चार वर्षांच्या पोरीनं घरात आईशी आईच्या भाषेत बोलायचं नाही, असा हुकूम काढणाऱ्या बापाला काय म्हणावं, ते मित्रांनो तुम्हीच सांगा. माझी तक्रार रत्नाकरवर आहे. आजवर त्याच्याविषयी मी वाकडा शब्द काढला नव्हता, कारण त्यानंच मला या घरात आणलं. पण आणलं म्हणून त्याचं सगळं मुकाट पाहत बसायचं, असं काही ठरलं नव्हतं.

मी लाकडाची पेटी आहे. साधीसुधी नाही, तोफेचे गोळे ठेवायला केलेली. पहाडातून आलेलं देवदाराचं लाकूड, चारही कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, दोन बाजूंना दोराच्या कड्या. चीनशी लढाई झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात जबलपूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा कारखान्याला दम खायला सवड नव्हती. तीन पाळ्या चालायच्या. एक भोंगा वाजून थांबत नाही तर दुसऱ्या पाळीच्या सायकली फाटकाशी येऊन उभ्या. सुतार लोक फळ्या जोडायचे आणि शेवटी पेटी रत्नाकरपुढे यायची. रत्नाकरचं काम छाप मारायचं. अक्षरं कापलेला पत्रा पेटीवर ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. माझ्या अंगावर त्यानंच छाप मारला. अक्षरं इंग्रजी. त्यांचा अर्थ तेव्हा ना मला कळायचा, ना फारसा त्याला. अंगावर अक्षरं आली म्हणून कोणी शिकलेलं होत नाही, हे मी तेव्हापासून जाणते.

पुढं तपासनीस आला. त्यानं माझ्या एका फळीवर हातोडी मारून पाहिली, फळीला बारीक चीर गेली, आणि त्यानं खडूनं फुली मारली. माझ्यासोबतच्या पेट्या गोळे भरून मालगाडीनं उत्तरेला गेल्या. त्यांतली एकही परत आल्याचं मला माहीत नाही. मी मागे राहिले. कारखाना असलं लाकूड कामगारांनाच विकायचा. रत्नाकरनं मला सायकलच्या कॅरिअरवर बांधून जबलपुरातच, घमापुरात आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. त्याची बायको विभावरी वर्ध्याकडची. तिनं मला पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "पेटी आणली ठीक आहे, आता ठेवायला काही आणा."

माझं घरात चांगलं चाललं होतं. आत गोधड्या, वर बसायला जागा. पाहुणा आला की पहिला माझ्यावर बसायचा. सणाला विभावरी मला ओल्या फडक्यानं पुसायची. कारखान्यात मला कोणी कधी पुसलं नव्हतं.

या घरात मनी होती. नाव मनीषा, पण एवढं मोठं नाव कोण घेतो? पोरगी दोन वर्षांची व्हायच्या आत बोलायला लागली. आईशी मराठी. गल्लीतल्या पोरांशी हिंदी. सकाळी खेड्यातून दूधवाली यायची, ती चरवी खाली ठेवत लाडानं विचारायची, "काय बिन्नू, का कर रईं?" आणि ही फ्रॉक सावरत तिच्याच बुंदेली बोलीत सांगायची, "कछू नईं।" तीन तऱ्हेची माणसं, तीन तऱ्हेचं बोलणं. आणि गंमत अशी की आईचा शब्द दूधवालीकडे जायचा नाही, दूधवालीचा आईकडे यायचा नाही. कोणाशी काय बोलायचं ते तिला माणूस दिसल्यासरशी कळायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात ती चार वर्षांची झाली. त्याच सुमारास पाकिस्तानशी लढाई लागली. खिडक्यांच्या काचांना विभावरीनं काळा कागद चिकटवला. रत्नाकर बारा-बारा तास कारखान्यात राहू लागला. मनी घरात अडकली, म्हणून माझ्यापुढं बसून माझ्या अक्षरांवरून बोट फिरवायची. एक दिवस तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या अंगावरची सगळी अक्षरं फरशीवर जशीच्या तशी काढली. रत्नाकर कामावरून आला, पाहिलं, आणि बूट न काढताच खाली बसला.

"विभा, ही इंग्रजी शिकली."

"काहीही. तिनं चित्र काढलं आहे," विभावरी म्हणाली. ती बरोबर होती. पण त्या दिवशी बरोबर असून काही उपयोग नव्हता.

रत्नाकर असा काहून वागला, तेही सांगते. नाहीतर तुम्ही त्याला वाईट माणूस समजाल. दोन वर्षांपूर्वी त्याला सुपरवायझरच्या जागेसाठी साहेबापुढं बोलावलं होतं. साहेबानं इंग्रजीत विचारलं. रत्नाकरला प्रश्न समजला होता. उत्तरही येत होतं, पण ते मराठीत येत होतं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. जागा दुसऱ्याला गेली. घरी येऊन माझ्यावर बसून त्यानं हे विभावरीला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

तर त्यानं फरशीवरची अक्षरं दाखवायला चंद्रशेखरला आणलं. चंद्रशेखर म्हणजे कारखान्याच्या ऑफिसातला क्लार्क, खिशाला दोन पेनं. त्यानं फरशी पाहिली आणि मान हलवली.

"रत्नाकर, पोरगी हुशार आहे. तिला मिशनच्या शाळेत घाल. पण आतापासून घरात इंग्रजीच बोल. तीन-तीन भाषा कानात गेल्या तर डोक्याची खिचडी होते. माझ्या साळ्याच्या पोराचं तेच झालं."

"काय झालं?" विभावरीनं विचारलं.

"खिचडी झाली," चंद्रशेखर म्हणाला आणि चहा मागितला.

दिवाळी झाल्यावर हुकूम निघाला. मनीनं घरात मराठी बोलायची नाही, गल्लीत जायचं नाही, दूधवालीशी बोलायचं नाही.

"अहो, मला कुठं येते इंग्रजी?" विभावरी म्हणाली. "मग मी तिच्याशी काय बोलू?"

"तू कमी बोल."

आणि ती कमी बोलू लागली, मित्रांनो. पोरीला भाकर हवी का हे हातानं विचारायची. वेणी घालताना जी गाणी म्हणायची ती बंद झाली. एवढीशी पोर, आईच्या मांडीत बसून भिंतीकडं पाहायची.

शिकवायला रत्नाकर बसायचा. त्याच्याकडं तरी कुठली इंग्रजी? फाटकावर जे लिहिलेलं, नोटीस बोर्डावर जे लावलेलं आणि पेट्यांवर जे छापलेलं, तेवढंच. तो माझ्यावर बोट ठेवायचा, "दिस साइड अप." मनी म्हणायची, "दिस साइड अप." मग, "हँडल विथ केअर." मग, "लॉट नंबर सेव्हन." मग, "नो स्मोकिंग." पोर एकदा ऐकून पाठ करायची. रत्नाकरची छाती फुगायची. मला मात्र अंग चोरल्यासारखं वाटायचं. गोळे कसे उचलायचे, कुठली बाजू वर ठेवायची, एवढंच माझ्यावर लिहिलेलं. लेकरानं त्यातून भूक कशी सांगायची?

मार्चात मिशनच्या शाळेत मुलाखत होती. मी काही तिथं गेले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी विभावरी माझ्यावर बसून मेथी निवडत होती आणि समोर बेबीताई बसल्या होत्या, तेव्हा सगळं ऐकलं. बेबीताई गल्लीच्या टोकाला राहायच्या आणि आपल्या ओसरीवर बालवाडी चालवायच्या. पंधरा-वीस पोरं, चिंचोके, रंगीत मणी, गाणी.

"सिस्टर चांगली होती हो," विभावरी म्हणाली. "तिनं गाईचं चित्र दाखवलं. हिनं सांगितलं, दिस साइड अप."

बेबीताईंचा हात मेथीतच थांबला.

"मग चेंडू दाखवला. ही म्हणाली, हँडल विथ केअर. मग नाव विचारलं."

"मनीषा म्हणाली असेल."

"लॉट नंबर सेव्हन."

बेबीताईंना हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण विभावरीचा चेहरा पाहून पदर पुन्हा खाली घेतला.

"मग सिस्टरनं हिंदीत विचारलं, बेटी, घर में कौन-कौन है? ताई, हिला सगळं येत होतं. पण हिनं आपल्या बापाकडं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. सिस्टर यांना म्हणाली, पहले इसको घर में बोलने दीजिए, जो भी बोलती है। अगले साल लाइए।"

"मग काय म्हणाला रत्नाकर?"

"म्हणाले, रिजेक्ट झाली. बस, तेवढंच. रस्ताभर सायकल हातात धरून चालले."

त्या दिवसापासून मनी बोलेना. इंग्रजी नाही, हिंदी नाही, मराठी नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. दूधवाली हाक मारून मारून थकली. विभावरीनं हुकूम मोडून मराठीत विचारलं, पोटाशी धरून विचारलं. पोर नुसती पाहायची.

"अहो, पोरगी बोलूनच नाही राहिली," ती नवऱ्याला म्हणाली. "कशातच नाही."

"इंग्रजीत विचार करत असेल," रत्नाकर म्हणाला. पण म्हणताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"आणि जन्मभर अशीच राहिली तर?" विभावरीनं विचारलं. तो सायकल घेऊन बाहेर गेला.

ऊन तापायला लागलं तशा विभावरीनं माझ्यातल्या गोधड्या काढून अंगणात टाकल्या. मी आतून मोकळी झाले. दुपारी मनी आली. तिनं इकडं-तिकडं पाहिलं, माझ्यात उतरली, झाकण खाली घेतलं आणि फटीत आईचं लाटणं अडकवलं, म्हणजे हवा यावी. एवढी अक्कल तिला होती. मग ती बोलायला लागली.

मित्रांनो, अख्ख्या घराला जे बोलणं ऐकू येत नव्हतं, ते माझ्या पोटात होतं. ती रोज दुपारी यायची. आधी आईशी बोलल्यासारखं मराठीत. मग गल्लीतल्या पोरांशी भांडण, ते हिंदीत. मग दूधवालीचा आवाज काढून, "काय बिन्नू?" आणि आपणच उत्तर. काहीही हरवलं नव्हतं. खिचडी-बिचडी काही नव्हती. मीच तेवढी ऐकत होते आणि मला सांगता येत नव्हतं. करकरण्यापलीकडं मला काय येतं?

एके दिवशी रत्नाकर चारची पाळी सुटल्यावर घरी आला. विभावरी नळावर होती. तो बूट काढायला माझ्यावर बसणार, तेवढ्यात त्याला फटीतलं लाटणं दिसलं आणि आतून आवाज आला. एक बूट पायात, एक हातात, असा तो उभा राहिला.

आत मनी सांगत होती, "ती पांढऱ्या साडीतली बाई चांगली होती. तिनं गाय दाखवली. मला गाय येत होती. गाय दूध देते, गायीला वासरू असते, दूधवालीच्या गायीचं नाव चंपा आहे. मला सगळं येत होतं. पण ते मराठीत येत होतं. बाबानं सांगितलं होतं मराठी नाही बोलायची. म्हणून मी नाही बोलली."

रत्नाकर खाली फरशीवर बसला. मनानं तो कोणाच्या मुलाखतीत जाऊन बसला होता, हे मला माहीत होतं. मग त्यानं झाकण उचललं. पोरीनं त्याला पाहिलं आणि तोंड मिटलं.

"मने," तो म्हणाला, "चंपाचं वासरू कसं आहे गं?"

मनीनं बराच विचार केला. मग हळूच विचारलं, "मराठीत सांगू?"

"कशातही सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. विभावरी घागर घेऊन दारात आली आणि घागर खाली न ठेवता तशीच उभी राहिली, कारण ठेवली असती तर आवाज झाला असता.

आता तुम्हाला वाटेल, बाप सुधारला. थांबा. दुसऱ्या दिवशी रत्नाकर तिला बोट धरून बेबीताईंच्या बालवाडीत घेऊन गेला. मनीनं पहिल्याच दिवशी तिथं एका पोराशी चिंचोक्यांवरून भांडण केलं, म्हणजे सगळं ठीक होतं. पण हा गृहस्थ पायरीवर थांबून विचारतो, "ताई, इंग्रजी कधीपासून सुरू करता?"

"आधी तिला माझ्याशी भांडू दे," बेबीताई म्हणाल्या. "मग बघू."

हे विभावरीनं मला पुसता पुसता सांगितलं. म्हणजे सांगितलं भिंतीला, पण ऐकलं मी. आणि आज संध्याकाळी तो पुन्हा माझ्यावर येऊन बसला आहे. मनी शेजारी बसून त्याला बालवाडीतली भानगड सांगते आहे आणि त्याचं बोट सवयीनं माझ्या छापाकडं जातं आहे. आजवर मी मनातच बोलत आले. आता मोठ्यानं बोलते. लाकूड करकरलं असं त्याला वाटलं तर वाटो.

रत्नाकर, ते बोट मागे घे. पोरगी हुशार आहे, हे तुला फरशीवरच्या कोळशात दिसलं आणि आईशी, दूधवालीशी, गल्लीशी बोलताना चार वर्षं दिसलं नाही. साहेबापुढं तू गप्प राहिलास तो दोष तुझ्या भाषेचा नव्हता, आणि असला तरी त्याचा दंड या लेकरानं काहून भरायचा? ती इंग्रजी शिकेल. तुझ्यापेक्षा चांगली शिकेल, आणि ज्याला येते त्याच्याकडून शिकेल. तोवर तुझं काम एवढंच, की ती बोलून राहिली आहे ना, मग तू ऐक.