सीटखालची लाल फुली

“सीटखाली रंग मारू नकोस रे, तिथं कोण बघायला जातंय!”

मित्रांनो, हे वाक्य अजून माझ्या कानांत घुमतं. मोटरसायकलला कान कुठले, असं विचारू नका. ज्याच्या पोटात एवढी धडधड असते, त्याला ऐकूही येतं. मी एक जुनी मोटरसायकल आहे, आणि एकदा मरून पुन्हा जगले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळी, चकचकीत आणि थोडी शिष्ट होते. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. ते मला इतकी हळू चालवायचे की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. पण माया फार. उन्हात कधी उभी केली नाही त्यांनी मला.

एके दिवशी मी दवाखान्याबाहेर भिंतीला टेकून उभी होते. रिव्हर्स घेणाऱ्या एका मालमोटारीने मला त्या भिंतीवरच चेपलं. डॉक्टर आत कुणाची तरी दाढ उपटत होते, म्हणून बचावले. धावत बाहेर आले ते हातात चिमटा आणि चिमट्यात दाढ घेऊनच! दाढेचा मालकही गाल धरून मागोमाग. माझी दशा पाहून दोघांनाही रडू आलं.

मग विम्याचा सर्व्हेअर आला. उंच, किडकिडीत माणूस. त्याची एक सवय होती. बोटातल्या जाड अंगठीने तो माझ्या सांगाड्यावर टकटक करायचा आणि मान तिरपी करून आवाज ऐकायचा. टकटक झाली, आणि त्याने मान हलवली. “टोटल लॉस. मोडीत काढा.” सीटखालच्या नळीवर त्याने ब्रशने लाल फुली मारली. झालं, विम्याच्या लेखी मी मेले.

भंगाराच्या आवारात माझ्या एका बाजूला दार नसलेला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला लंगडा झोपाळा. एका मांजरीने माझ्या टाकीखाली पिल्लं घातली, तेवढाच काय तो आनंद. पण देव कोणाच्या रूपाने येईल सांगता येत नाही. माझ्यासाठी तो काळा चष्मा लावून आला. तो एक वेल्डर होता, सगळे त्याला ठिणगीकाका म्हणत. त्याने मला विकत घेतलं, वाकलेला सांगाडा सरळ केला, तुटलेलं जोडलं, इंजिनात जीव फुंकला. रंगाऱ्याला बोलावून लाल रंग दिला. त्याच वेळी मघाचं ते वाक्य तो रंगाऱ्याला म्हणाला होता.

मग पाववाल्या ताईने मला घेतलं. माझे कागद खरे होते. मोडीतली गाडी दुरुस्त करून विकणं हा काही गुन्हा नाही. पण तोंडाने जे सांगायला हवं होतं, ते ठिणगीकाकाने सांगितलं नाही.

ताईकडचे दिवस म्हणजे सुखच! रोज पहाटे ती मला फडक्याने पुसायची, टाकीवर क्षणभर हात ठेवायची, मगच किल्ली फिरवायची. हा तिचा नेम कधी चुकला नाही. मागच्या पेटीत गरम पाव. दवाखान्यातले रोगी, वसतिगृहातली मुलं, सगळे आमच्या आवाजाची वाट बघायचे. आमची फेरी झाली की गावाची न्याहारी व्हायची.

एकदा ताईचा मामा राहायला आला. ताईच्या आईने भावाला गरम पाव वाढला. पोटभर खाऊन मामा हात पुसत अंगणात आला आणि सवयीने माझ्यावर टकटक केली.

ती अंगठी मी लगेच ओळखली. माझ्या टाकीतलं पेट्रोल गारठलं!

मामाने मान तिरपी केली. पुन्हा टकटक. मग सीट उचलली आणि ओरडला, “अगं, हिला तर मी मारलंय!”

“काहीतरीच काय दादा?” आई आतून म्हणाली. “गाडीला कोण मारतं?”

“ही बघ माझी फुली! टोटल लॉस होती ही. हिच्यावर माझी भाची फिरते?”

आई बाहेर आली. फुली पाहून तिचा चेहरा उतरला. “आजपासून या गाडीला हात लावायचा नाही. पाव राहिले तर राहू देत. तू राहायला हवीस.”

 ताईने मला चालू केलं नाही, ढकलतच ठिणगीकाकाच्या दुकानापर्यंत नेलं. मागून मामा आणि आई. मला तो लंगडा झोपाळा डोळ्यांसमोर दिसू लागला.

“काका, हे का नाही सांगितलंत?” ताईने सीट उचलून शांतपणे विचारलं.

ठिणगीकाकाने चष्मा काढला. “सांगितलं असतं, तर घेतली असतीस?”

“नसती घेतली. पण नाही म्हणायचा हक्क माझा होता ना?”

 ठिणगीकाका उठला. “थांबा. सगळी उघडून दाखवतो. खोटी निघाली तर मीच तोडतो.”

चाकं निघाली, टाकी निघाली, प्रत्येक जोडावरचा रंग खरवडला गेला. मामा अंगठी घेऊन सरसावला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. आणि मग एका जोडावर, थड!

“हा जोड दुसऱ्या कुणाचा दिसतोय,” मामा म्हणाला.

“माझाच आहे,” ठिणगीकाका पुटपुटला. “जेवायची घाई झाली होती.”

“एवढं काय होतं जेवायला?” आई कडाडली.

त्याने तो जोड कापला आणि नव्याने केला. या वेळी कसलीही घाई नव्हती. ठिणग्या उडाल्या, धातू निवला. मामाने टकटक केली. ठण्ण! देवळातली घंटाच जणू! ठिणगीकाकाने चाकं-टाकी पुन्हा बसवली, मग दोरी ताणून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तेही पाहिलं.

तरी मामाचं समाधान होईना. तो स्वतःच बसला आणि मैदानाला फेरी मारून आला. विस्कटलेले केस, तोंडभर हसू. “आयुष्यभर गाड्या मारल्या गं! मारलेली गाडी चालवली ती आज पहिल्यांदाच.”

“उतर खाली,” आई पदर खोचत म्हणाली. “माझी लेक बसणार आहे ना हिच्यावर? आधी मी बसून बघते. पोरी, तू चालव.”

आईने दोन फेऱ्या मारायला लावल्या! दुसऱ्या फेरीला कशाचीच तपासणी नव्हती, नुसती हौस होती.

रंगारी आला तेव्हा ताई म्हणाली, “फुली तशीच राहू दे. विचारेल त्याला मी दाखवीन.” मग ठिणगीकाकाकडे वळून हळूच म्हणाली, “काका, अशा गाड्या अजून कुणाला दिल्यात?”

“आहेत थोड्या. एक दूधवाल्याकडे आहे.”

“त्यांनाही सांगाल? उघडून बघाल?”

“सांगीन,” तो म्हणाला. “शब्द देतो.”

मित्रांनो, मोडलेलं टाकून देऊ नका. सांधता येईल ते मन लावून सांधा. आणि सांधलेलं दुसऱ्याच्या हाती देताना त्याची जखम दाखवून द्या. जखम असण्यात लाज नसते. ती लपवली, की ज्याने विश्वासाने पाठीवर बसायचं त्याचा घात होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गरम पाव घेऊन निघालो. ठिणगीकाकाच्या दुकानाचं दार ओढलेलं होतं. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून तो एकटाच दूधवाल्याच्या घराकडे चालला होता. त्याचं लक्ष नव्हतं. ताईने हॉर्न वाजवला नाही, वेग तेवढा कमी केला आणि त्याला आधी रस्ता ओलांडू दिला.