लाल टॅग

बळीराम कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलर फिटर होते. त्यामुळं त्यांचा अबोलाही फिटरचाच होता, तोंड बंद आणि पाना चालू. उद्या सकाळी त्यांची मुलगी उत्पला मोटरसायकलवर एकटी नेपाळला निघणार होती, आणि चार दिवसांपासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिनं कसलेले नट मात्र पुन्हा पुन्हा कसत होते.

संध्याकाळी त्यांनी मागचं चाक तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा तिचं डोकं सटकलं.

"बाबा, जाऊ नको म्हणायचं असन तर तोंडानं म्हणा न! गाडीले काहून छळून राहिले?"

बळीरामांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ते घरात गेले. आतून हातोडीचे घाव ऐकू आले.  उत्पला धावतच आत गेली.

दाराच्या चौकटीवर नवा खिळा होता आणि त्याला लाल टॅग लटकत होता. बॉयलरमध्ये उतरणारा माणूस आपल्या नावाचा असा टॅग बाहेर लावून जायचा. तो परत येऊन स्वतः काढेपर्यंत बॉयलर पेटवायची कोणाची टाप नव्हती. या टॅगवरचं 'बळीराम' खोडलेलं होतं आणि खाली ओल्या शाईत 'उत्पला' लिहिलं होतं.

"हा तुयाच हातानं काढजो वं," बळीराम तिच्याकडं न बघता म्हणाले. "मले काढायले नको लावू."